पार्श्वभूमी : गस्तीबरोबर गेलेले मानववंशशास्त्रज्ञ

मे २००३ मध्ये इराकमधील अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी आठवडाभराच्या अंतराने दोन आदेश काढले. पहिल्याने सद्दाम हुसेन यांच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीला सरकारी नोकरीतून काढले, दुसऱ्याने इराकी सैन्यच बरखास्त केले. शस्त्रे चालवण्याचे प्रशिक्षण घेतलेले लाखो पुरुष पगार आणि मान दोन्ही गमावून घरी बसले. त्या समाजात लष्करी हुद्द्याला काय वजन आहे, पक्षाचे सदस्यत्व किती जणांनी नोकरीपुरते घेतले होते, हे सांगू शकणारे इराकी आणि अभ्यासक होते. परराष्ट्र खात्याने युद्धाआधी अशांना एकत्र बसवून अहवालही तयार करून घेतले होते. ते बाजूला पडले. बंडखोरी पेटली तेव्हा मात्र लष्कराला मानववंशशास्त्र, म्हणजे समाज आणि त्यांच्या चालीरीती यांचा अभ्यास, आठवले.

या नात्याचा इतिहास जुना आहे आणि तो भांडणापासूनच सुरू होतो. १९१९ मध्ये अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी संशोधनाच्या आडून हेरगिरी करणाऱ्या सहकाऱ्यांवर, नावे न घेता, जाहीर टीका केली. अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने निषेध केला तो बोआस यांचाच! तो ठराव मागे घ्यायला २००५ उजाडले. दुसऱ्या महायुद्धात अशी कुरबुर फारशी झाली नाही. मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी जपानला न जाता, अमेरिकेतील जपानी वंशाच्या लोकांशी बोलून आणि पुस्तके-चित्रपट धुंडाळून सरकारसाठी त्या समाजाचा अभ्यास केला.

सूर बिघडला १९६५ मध्ये. बंडाळी का होते आणि ती कशी रोखावी हे शोधण्यासाठी अमेरिकी लष्कराने ‘प्रोजेक्ट कॅमेलॉट’ आखला. तेव्हा चिलीत शिकवत असलेले नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी त्यात सहभागी व्हायला नकार दिला. चिलीमध्ये गवगवा झाला आणि संरक्षणमंत्री मॅकनामारा यांना काम सुरू होण्याआधीच प्रकल्प गुंडाळावा लागला. पुढे थायलंडमधील बंडखोरीविरोधी कामात मानववंशशास्त्रज्ञ मदत करतात, यावरून असाच वाद पेटला, तेव्हा संघटनेने १९७१ मध्ये आचारसंहिताच केली.

तरीही २००७ मध्ये अभ्यासकांना तुकड्यांबरोबर पाठवणाऱ्या ‘ह्युमन टेरेन सिस्टीम’ या लष्करी कार्यक्रमाचे पहिले पथक अफगाणिस्तानातील खोस्त येथे पोहोचले. टोळ्या, जमिनीचे तंटे, कोणाचा शब्द कुठे चालतो, हे समजून तुकडीला सल्ला द्यायचा, म्हणजे गोळीबार कमी होईल, ही कल्पना. हेतूबद्दल मला शंका नाही. अडचण मांडणीतच होती. प्रश्न विचारणाऱ्याच्या शेजारी बंदूकधारी सैनिक उभा असताना गावकरी ‘बोलायचे नाही’ असे म्हणू शकतो का? त्याने दिलेली माहिती उद्या कुणाला टिपण्यासाठी वापरली जाणार नाही, याची हमी कोण देणार? त्याच वर्षी मानववंशशास्त्र संघटनेच्या कार्यकारी मंडळाने कार्यक्रमाला जाहीर विरोध केला. पथकांतील सामाजिक शास्त्रांचे तीन अभ्यासक जिवास मुकले.

माझ्या मते चर्चेत कमी आलेला मुद्दा वेगळा आहे. हे ज्ञान गस्तीच्या तुकडीपर्यंत पोहोचले, पण ब्रेमर यांच्यासारखे आदेश जिथे ठरतात तिथवर त्याला वाटच नव्हती. गावातल्या जमिनीचा तंटा समजला तरी काबूलमध्ये कोणाच्या हाती सत्ता द्यायची, हे त्या पथकाच्या अहवालावरून ठरत नव्हते. सत्तर कोटींहून अधिक डॉलर खर्चून २०१४ मध्ये लष्कराने कार्यक्रम गाजावाजा न करता बंद केला. बातमी बाहेर यायला २०१५ चा जून उजाडला.