पत्त्याचे नाव दिलेला अल्बम : योआकिम तोस्त्रमच्या आत्मपर गीतांची पार्श्वभूमी

योआकिम तोस्त्रम या स्वीडिश रॉक गायकाच्या 2005 मधील अल्बमचे नाव म्हणजे निव्वळ एक पत्ता आहे : ‘स्केबोक्वार्न्सवेगन 209’. स्टॉकहोमच्या दक्षिणेकडील होगदालेन या उपनगरात हा रस्ता आहे आणि तोस्त्रमचे बालपण तेथेच गेले. अल्बम आला तेव्हा तो 48 वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर सुमारे पाव शतकाचा गोंगाट जमा होता. मोजकी वाद्ये, संथ लय आणि घोगरा, जवळजवळ बोलल्यासारखा आवाज अशा रूपात तो श्रोत्यांसमोर आला, तेव्हा बंडखोर माणूस वयाने निवळला, असा अर्थ काढणे सोपे होते. त्याचा पूर्वेतिहास पाहता हा अर्थ फारसा टिकत नाही.

1950 च्या दशकात स्टॉकहोमची भुयारी रेल्वे दक्षिणेकडे वाढत गेली आणि तिच्या स्थानकांभोवती नवी उपनगरे उभी राहिली. होगदालेनचे स्थानक 1954 मध्ये सुरू झाले, तर तोस्त्रमचा जन्म 1957 चा. म्हणजे या नियोजित वस्त्यांमध्ये लहानाची मोठी झालेली जी पहिली पिढी, तिच्यातला तो एक. पुढचेच स्थानक रोग्सवेदचे. तेथे 1977 मध्ये फ्योदोर आणि गुर्रा या टोपणनावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन साथीदारांसह त्याने ‘एब्बा ग्रोन’ हा पंक, म्हणजे झपाटेदार आणि बंडखोर रॉक वाजवणारा बँड काढला. हे नाव त्याच वर्षी गाजलेल्या, दहशतवाद्यांविरुद्धच्या पोलिसी कारवाईतील सांकेतिक नावावरून उचललेले होते, यावरूनच बँडचा सूर कळावा. स्वीडनमध्ये त्याआधीच्या दशकात ‘प्रोग’ म्हणून ओळखली जाणारी डावी संगीत चळवळ जोरात होती. पंकची पोरे तिची टिंगल करत असली तरी तिचे ऋण नाकारता येत नव्हते. एब्बा ग्रोनचे सर्वांत गाजलेले गाणे, राज्यसत्ता आणि भांडवल यांच्या संगनमतावरचे, मुळात ‘ब्लो तोगेत’ या प्रोग बँडचे 1972 मधील होते. या काळातल्या गाण्यांत उपनगर होते, कंटाळा होता, संताप होता. मात्र ते सारे ‘आम्ही’च्या तोंडी होते. एकट्या माणसाच्या आठवणीला त्यात फारशी जागा नव्हती.

एब्बा ग्रोन 1983 मध्ये फुटला आणि त्यातून ‘इंपेरिएत’ उभा राहिला. नाद मोठा झाला, सभागृहे मोठी झाली. तरीही 1985 मध्ये या बँडने अठराव्या शतकातील कवी-गायक कार्ल मिकाएल बेलमन याचे एक दफनविधीचे गीत ध्वनिमुद्रित केले, ही बाब मला अनेक मोठ्या मैफलींपेक्षा महत्त्वाची वाटते. बेलमनपासून एवर्ट ताउब आणि कॉर्नेलिस व्हरेसवाइकपर्यंत आलेल्या स्वीडिश ‘व्हीसा’ परंपरेत एक आवाज, बहुधा एकच वाद्य आणि अग्रमान शब्दांना, अशी रीत आहे. वीस वर्षांनी तोस्त्रम जेथे पोहोचला, तेथे जाणारी वाट त्याला तेव्हाच ठाऊक झालेली होती.

मधला टप्पा मात्र अगदी उलट दिशेचा होता. इंपेरिएत 1988 मध्ये संपला. दोन एकल अल्बम झाले आणि मग ॲमस्टरडॅममध्ये राहत असताना त्याने ‘पीस लव्ह अँड पिटबुल्स’ हा इंडस्ट्रियल बँड काढला. 1992 ते 1997 दरम्यान आलेल्या त्याच्या तीन अल्बममध्ये यंत्रांचे ठोके, करकरणाऱ्या गिटारी आणि इंग्रजी शब्द होते. स्वीडिशमध्ये तो 1999 मध्ये परतला; त्या वर्षीच्या आणि 2002 मधल्या अल्बमनंतर ‘स्केबोक्वार्न्सवेगन 209’ आला.

या अल्बममधली आत्मकथनाची तऱ्हा न्याहाळण्याजोगी आहे. तोस्त्रम कबुलीजबाब देत बसत नाही. तो ठिकाणे आणि माणसे सांगतो. एक गाणे दहाव्या मजल्याला लिहिलेले पत्र आहे. दुसऱ्याचे नाव कोपनहेगनमधल्या सन्डर बुलेव्हार्ड या रस्त्यावरून आले आहे. तिसरे ‘गन क्लब’ या अमेरिकन बँडच्या, 1996 मध्ये वारलेल्या जेफ्री ली पियर्स याच्या गायकीला सलाम करते. बालपण, परदेशातील वास्तव्य आणि ज्यांचे ऐकत आपण घडलो ते गायक, एवढ्या सामग्रीवर एक आयुष्य उभे राहते आणि जे सांगितलेले नाही ते श्रोता स्वतःच जोडून घेतो.

वाद्ये कमी झाली म्हणून यंत्रे कायमची हद्दपार झाली, असेही नव्हे. पिटबुल्सच्या काळापासूनचा साथीदार निक्लास हेलबर्ग आणि गिटारवादक पेले ऑस्लर यांच्यासह तोस्त्रमने ‘सेलस्कापेत’ हा गट काढला आणि 2007 मध्ये त्याचा अल्बम आला, तो पुन्हा यंत्रध्वनींचाच, पण या वेळी स्वीडिश शब्दांसह. पुढे 2009 च्या ‘शार्लेक एर फर दोम’ या अल्बममधील एका गाण्याला त्याने ‘संक्षिप्त चरित्र, सोबत छोटेसे मृत्युपत्र’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यानंतरही 2012, 2015, 2017, 2021 आणि 2024 मध्ये त्याचे अल्बम येत राहिले.