तडा वर, दोष खाली

रंगवलेल्या फिगरला, म्हणजे संग्रहासाठी जपलेल्या छोट्या मूर्तीला, तडे गेले की बहुतेक संग्राहक आधी रंगाला बोल लावतात आणि मग तड्यांवरून क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक संरक्षक थराचा, आणखी एक हात मारतात. यातली दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. तडा म्हणजे थरात साठलेला ताण मोकळा झाल्याची खूण. नवा हात वाळताना नवा ताण घेऊन येतो आणि तो आधीच सैल झालेल्या खपल्यांनाच वर ओढतो. म्हणून ब्रश उचलण्याआधी भिंग उचलावं, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. तडा कुठे गेला आहे, त्याचा आकार कसा आहे आणि तो किती खोल उतरला आहे, एवढं नीट पाहिलं तरी बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा सापडतं.

फिगर म्हणजे एकावर एक बसवलेले वेगवेगळे पदार्थ. आत पीव्हीसी किंवा एबीएससारखं प्लॅस्टिक, पॉलियुरेथेन रेझिन किंवा कथील-शिशाचा मिश्रधातू. त्यावर प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, मग रंगाचे हात आणि शेवटी क्लिअर कोट. यातला प्रत्येक थर वाळताना आक्रसतो. मोकळा असता तर तो सगळ्या बाजूंनी लहान झाला असता, पण खालच्या थराला घट्ट चिकटलेला असल्यामुळे त्याला फक्त जाडीत कमी होता येतं. आडवी ओढ तशीच शिल्लक राहते. आटलेल्या तळ्यातला गाळ फुटतो तोही याच ओढीमुळे.

मग सगळेच थर का तडकत नाहीत? याचं उत्तर जाडीच्या हिशेबात आहे, आणि या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. तडा जायचा तर दोन नवे काठ तयार व्हावे लागतात आणि त्याला ऊर्जा लागते. ती थरात साठलेल्या ताणातूनच मिळते. तडा गेला की त्याच्या दोन्ही अंगांना, साधारण थराच्या जाडीच्या पटीत, एक पट्टा सैल होतो. आता थराची जाडी दुप्पट करा. तड्याचे काठ दुप्पट उंच झाले, म्हणजे ऊर्जेचा खर्च दुप्पट. पण सैल होणारा पट्टा उंचीलाही दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट, म्हणजे सुटणारी ऊर्जा चौपट. त्यामुळे प्रत्येक रंगाला जाडीची एक मर्यादा असते. तिच्या आत ताण असला तरी तडा जात नाही, कारण त्याचा खर्च भागत नाही. मर्यादा ओलांडली की थर फुटतो. एका जाड हाताऐवजी पातळ हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये वेळ जाऊ द्यावा, या जुन्या सल्ल्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे.

फिगरवर हे अगदी स्पष्ट दिसतं. झग्याच्या चुण्या, केसांच्या बटांमधल्या खाचा, काख, पायथ्याचा आतला कोपरा, अशा ठिकाणी स्प्रेचा क्लिअर कोट ओघळून साचतो. मोकळ्या पाठीवरचा थर स्वच्छ आणि चुणीच्या तळाशी बारीक जाळी, असं दिसलं तर डबा खराब नव्हता, हात जाड पडला होता. जाळीच्या चौकटींचा आकारही बोलका असतो. थर जितका जाड, तितके तडे एकमेकांपासून लांब आणि चौकटी मोठ्या. आधी कोणता तडा गेला आणि नंतर कोणता, हेसुद्धा ओळखता येतं. पहिला तडा सरळ पुढे जातो. नंतरचा त्याला जवळजवळ काटकोनात येऊन भिडतो आणि तिथेच थांबतो, कारण पहिल्या तड्याच्या काठाशी ताण फक्त काठाच्या दिशेनेच उरलेला असतो आणि त्या ताणाने जाणारा तडा काठाला आडवाच असतो.

काही तड्यांचे काठ मात्र धारदार नसतात. ते गोलसर, ओढल्यासारखे असतात आणि फटीतून खालचा रंग रुंद पट्ट्यात दिसतो. तिथे जाडीपेक्षा घाई जास्त नडलेली असते. खालचा थर अजून मऊ असताना वर कडक थर बसला, की वरचा आक्रसताना फुटतो आणि तुकडे मऊ थरावरून सरकतात. मुद्दाम जुनाट भेगा पाडण्यासाठी मिळणारं क्रॅकल मीडियमही साधारण असंच काम करतं. हाताला कोरडा लागणं आणि आतून पक्का होणं यात फार अंतर आहे. ॲक्रिलिक रंगातलं पाणी लवकर उडतं, पण त्यातले प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून सलग पडदा व्हायला दिवस, कधी आठवडे लागतात. एनॅमल या तेलावर आधारलेल्या रंगाचं गणित आणखी वेगळं. द्रावक, म्हणजे रंग पातळ ठेवणारं द्रव, उडून गेल्यावर तो हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होत जातो आणि ही क्रिया दीर्घकाळ चालूच राहते. फिगर नाकाशी धरा. द्रावकाचा वास येत असेल तर क्लिअर कोटची वेळ झालेली नाही.

थंडीही तडे पाडते. पाण्यावर आधारलेल्या ॲक्रिलिकच्या कणांना एकजीव व्हायला किमान तापमान लागतं. त्याखाली रंग दिला तर पडदा भुकटीसारखा किंवा तडकलेला होतो. पक्का झालेला ॲक्रिलिकही थंडीत लवचीकपणा गमावून ठिसूळ होतो. शिवाय तापमान उतरलं की रंग त्याच्या खालच्या धातूपेक्षा जास्त आक्रसतो. ठिसूळ झालेला आणि ताणलेला थर धक्का सोसत नाही, म्हणून धातूच्या फिगर कडाक्याच्या थंडीत पार्सलने पाठवू नयेत.

आर्द्रता अचानक घटली की काय होतं, याचा सर्वांत विदारक दाखला चीनमधल्या शीआनचा आहे. तिथली मातीची सेना १९७४ साली सापडली. ते सैनिक मुळात रंगीत होते. मातीवर झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेचा थर आणि त्यावर रंग, अशी ती रचना होती. दोन हजारांहून जास्त वर्षं ओल्या मातीत राहिलेली ती लाख कोरडी हवा लागताच मिनिटांत आक्रसून वळायची आणि रंग सोबत घेऊन गळून पडायची. पुढे चिनी आणि जर्मन तज्ज्ञांनी लाख वाळण्याआधीच तिच्यातल्या पाण्याच्या जागी पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे सहज न उडणारं द्रव्य भरण्याची पद्धत वापरली. रंग तोच आणि कारागिरीही तीच, पण खालचा थर हलला आणि सगळं गेलं.

प्लॅस्टिकच्या फिगरवर आणखी एक प्रकार दिसतो. घोट्याशी, सांध्याशी, खुंटी बसवलेल्या भोकाभोवती केसासारख्या रेषा उमटतात आणि त्या रंगात न थांबता प्लॅस्टिकमध्ये उतरतात. साच्यात ओतलेलं एबीएस किंवा पॉलिस्टायरीन थंड होताना काही ताण आत अडकून राहतो. लॅकर या झटपट वाळणाऱ्या रंगातले जहाल द्रावक त्याच्या रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरले की साखळ्या निसटतात आणि प्लॅस्टिकच फुटतं. इथे रंग दुरुस्त करून काहीही साधत नाही.

मऊ पीव्हीसीची अडचण उलट दिशेची. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेला असतो. तो वर्षानुवर्षं बाहेर झिरपतो, क्लिअर कोटला मऊ आणि चिकट करतो आणि आतलं पीव्हीसी हळूहळू आक्रसून ताठ होत जातं. वरचा पडदा मग सुरकुततो किंवा सुटतो. अशी फिगर पॉलिथिनच्या पिशवीत कोंडू नये, कारण पॉलिथिन स्वतःच प्लॅस्टिसायझर शोषून घेतं. काचेची बंद पेटी त्यापेक्षा बरी, कारण आतली हवा प्लॅस्टिसायझरने भरली की पुढचं झिरपणं मंदावतं.

जुन्या धातूच्या फिगरबाबत तर रंग निव्वळ साक्षीदार असतो. ब्रिटनमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ पासून आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली. असे सैनिक ओकच्या किंवा एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांच्या) कपाटात ठेवले की लाकडातून निघणाऱ्या ॲसेटिक आम्लाच्या वाफेने शिसं गंजतं. पांढरी भुकटी तयार होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि रंग आतून उचलला जातो. तडकलेल्या रंगाखाली अशी भुकटी दिसली तर पहिलं काम रंगाचं नाही, कपाट बदलण्याचं आहे. ती भुकटी विषारी असते, फुंकर मारून उडवू नये. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काही जस्ताच्या खेळण्यांत तर मिश्रधातूत शिशाचा अंश राहून गेला होता. ती आतूनच फुगतात आणि चुरतात. त्यांना कोणताही क्लिअर कोट वाचवू शकत नाही.

राहता राहिला प्रश्न तडकलेल्या फिगरचं काय करायचं हा. थर घट्ट बसलेला असेल आणि तडे वाढत नसतील तर तिला हात लावू नये, हे माझं ठाम मत. खपल्या उचलल्या असतील तर संग्रहालयांतले संरक्षक, म्हणजे जुन्या वस्तूंची निगा आणि दुरुस्ती करणारे तज्ज्ञ, पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक रेझिनचं पातळ द्रावण बारीक ब्रशने खपलीच्या कडेला टेकवतात. ते फटीत आपोआप शिरतं आणि पुढे कधी काढायचं झालं तर पुन्हा विरघळवता येतं. मात्र ते बहुधा ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं असतं आणि ॲसिटोन एबीएस, पॉलिस्टायरीन आणि बऱ्याचशा रंगांनाही विरघळवतं. त्यामुळे आधी पायथ्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला एक थेंब लावून पाहावा आणि तिथे रंग किंवा प्लॅस्टिक मऊ झालं तर ते काम संरक्षकाकडे सोपवावं.