आधी लॅब बदलली, कॅमेरा नंतर

सध्या सांगली-मिरजेकडं कॉलेजची पोरं घरातले जुने रोलचे कॅमेरे कपाटातनं काढून वापरायला लागलीयेत, आणि मग कुणीतरी विचारतंच की एवढं भारी काम होतं तर तेव्हा सगळ्यांनी फिल्म सोडली कशाला? लोक लगेच मेगापिक्सेल सांगायला लागतात. मला ते काही पटत नाही. आपल्याकडच्या लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांचा निर्णय मेगापिक्सेलनं झालाच नाही, तो रोल धुवून प्रिंट काढणाऱ्या लॅबनं केला, आणि तोसुद्धा त्यांना न विचारता.

थोडं मागं जायला लागेल. ब्लॅक अँड व्हाईटच्या काळात घरोघरी आगफा क्लिक थ्री, बडोद्यात बनायचा, 120 च्या रोलवर 12 चौकोनी फोटो, बस. कागद आणि रोल बऱ्याचदा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू', कारण परदेशी मालावर आयातीची बंधनं. स्टुडिओवाला रोल स्वतः धुवायचा, लाल दिव्यात प्रिंट स्वतःच मारायचा, त्यामुळं फोटो चांगला आला काय वाईट आला काय, सगळं त्याच्याच हातात. कलर आलं आणि ही डार्करूम त्याच्या हातनं गेली.

कारण साधं आहे. कलर निगेटिव्ह धुवायची सी-41 प्रोसेस 1972 ची, त्यात डेव्हलपरचं, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या केमिकलचं, तापमान 37.8 डिग्री आणि वेळ सव्वातीन मिनिटं, त्यात पाव डिग्रीचा फरकसुद्धा चालत नाही. बादलीत पाणी तापवून रोज धंद्याचं काम असं होत नसतं. मग रोल पुण्या-कोल्हापूरच्या लॅबला पाठवायचे आणि पार्सलची वाट बघत बसायचं. नोरित्सु या जपानी कंपनीनं दुकानात मावणारी मिनीलॅब 1976 मध्येच काढली होती, आपल्याकडं मात्र त्याची चलती 90 च्या दशकात झाली. कोडॅक, कोनिका, फुजीच्या पाट्या, काचेमागं घरघरणारी मशीन, आणि तासाभरात हातात मॅक्सी साइजचे गरमागरम फोटो.

आता या मशीनची गंमत अशी की ती नुसती ठेवून चालत नाही, तिला रोज रोल लागतात. प्रत्येक रोलमागं थोडं ताजं केमिकल टाकीत जातं, त्यालाच रिप्लेनिश म्हणायचं. रोल कमी पडले की तेच केमिकल टाकीत पडून हवेनं खराब होतं, मग रंग हलतात, नवरीचा शालू एका प्रिंटमध्ये लाल तर दुसऱ्यात विटकरी. वर 2005-06 च्या आसपासचं लोडशेडिंग आठवा, तापमान टिकवायला जनरेटर चालू ठेवायचा म्हणजे डिझेलचा खर्च वेगळाच. वापरलेल्या फिक्सरमधून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या केमिकलमधून, चांदी निघायची तेवढाच काय तो आधार, आणि चांदीचं मोल विटा-खानापूरच्या गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांच्या, जिल्ह्यात कुणाला सांगायला नको!

डिजिटलची गोष्ट खरं तर कोडॅकच्याच घरातली. 1975 ला स्टीव्ह सॅसन नावाच्या त्यांच्या इंजिनिअरनं 3.6 किलोचा डबा बनवला, 0.01 मेगापिक्सेल, एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. 1991 ला निकॉन एफ3 च्या बॉडीवर कोडॅकनं 1.3 मेगापिक्सेलचा डीसीएस नावाचा डिजिटल कॅमेरा विकायला काढला, 1999 ला निकॉन डी1 आला पण तो बातमीदार लोकांचा, पाच हजार डॉलरच्या पुढचा. लग्नवाल्यांच्या बजेटच्या जवळ गोष्ट आली ती 2003 ला कॅननचा 300डी हजार डॉलरच्या आत आल्यावर, आणि पाठोपाठ 2004 ला निकॉन डी70 आला.

पण याच्या आधीच एक गोष्ट होऊन गेली होती, ती बऱ्याच जणांच्या लक्षातच आली नाही. 1996 ला फुजीनं फ्रंटियर नावाची मिनीलॅब काढली. ती निगेटिव्हमधून थेट कागदावर उजेड पाडत नाही, आधी निगेटिव्ह स्कॅन करते आणि मग लेझरनं कागदावर प्रिंट उमटवते. म्हणजे ज्या लॅबमध्ये असली मशीन बसली तिथं 'आम्ही फिल्मवालेच' म्हणणाऱ्याच्या हातातली प्रिंट कधीच डिजिटल झालेली होती, फक्त कॅमेरा तेवढा जुना राहिला होता! मग डिजिटल कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड दिलं काय आणि रोल दिला काय, मशीनला सारखंच, उलट कार्डवाल्याचा धुण्याचा खर्च वाचला.

एकेक जण कार्डवर गेला तसे लॅबचे रोल कमी झाले, रोल कमी म्हणून केमिकल खराब, केमिकल खराब म्हणून उरलेल्यांचे रंग खराब, म्हणून तेही गेले. जानेवारी 2006 मध्ये निकॉननं बहुतेक फिल्म कॅमेरे बंद करतोय म्हणून सांगितलं, त्याच महिन्यात कोनिका मिनोल्टानं कॅमेरे आणि फिल्म दोन्हीतून अंग काढून घेतलं. त्यानंतर ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बदललेल्यांचं पण सुरुवातीला सोपं नव्हतं बरं का. निगेटिव्हवर उजेड दोन स्टॉप, म्हणजे चौपट, जास्त पडला तरी प्रिंटमध्ये सावरून घेता यायचं, सुरुवातीच्या डिजिटल जेपीजीत नवरदेवाचा पांढरा सदरा एकदा पांढराफटक झाला की त्यातली घडी परत मिळत नाही. हात सावलीतला भाग नीट दिसेल एवढा उजेड घ्यायला शिकलेला, आता उलटं, पांढरं जपायला शिकायचं. शिवाय डी70 मध्ये फिल्मच्या जागी असलेला सेन्सर फिल्मच्या फ्रेमपेक्षा छोटा, त्यामुळं 28 मिमीची वाइड लेन्स 42 मिमीसारखी वागायची, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावायचं आणि मांडवात मागं सरकायला जागा नसते, मागं आचारी आणि बँडवाले!

महापुराचा विषय सांगलीत टाळता येत नाही. 2005 ला आणि परत 2019 ला कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं. भिजलेली निगेटिव्ह वाळू न देता स्वच्छ पाण्यात सुटी करून चिमट्याला टांगली तर बऱ्याचदा वाचते, एकावर एक चिकटून वाळली तर मात्र गेली. पुरात बुडालेली हार्ड डिस्क दोरीवर वाळत घालून चालत नाही. फिल्मच्या बाजूनं मला पटणारा हा एक मुद्दा.

आता 2024 ला पेंटॅक्सनं 17 नावाचा नवा कोरा फिल्म कॅमेरा आणलाय, हाफ फ्रेम, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन, 36 च्या रोलवर 72 फोटो. पोरं खूश. पण कलर रोल धुवायला कुरियरनं पुण्या-मुंबईला जातो आणि परत येते ती स्कॅनची लिंक, मोबाइलवर. पूर्ण फिल्मच पाहिजे असेल तर ब्लॅक अँड व्हाईट घरी धुता येतं, डी-76 डेव्हलपर 20 डिग्रीला, फक्त एप्रिल-मे मध्ये सांगलीत टाकीच्या नळाला 20 डिग्रीचं पाणी येत नाही, बर्फ आणून ठेवायला लागतो.