पंढरपूर मंदिरप्रवेश सत्याग्रह
पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी १ मे ते १० मे १९४७ असं प्राणांतिक उपोषण केलं, त्याला हे नाव आहे. स्वातंत्र्य साडेतीन महिन्यांवर आलेलं, आणि इथे ज्या देवाच्या पायावर कोणीही डोकं टेकवू शकतो असं वारकरी अभिमानाने सांगतात त्याच देवाच्या दारात काही माणसांना दलित संत चोखोबांच्या समाधीपाशीच थांबावं लागायचं. चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत पडून गेले, त्यांची समाधी महाद्वाराबाहेर नामदेव पायरीसमोर आहे. म्हणजे संत झाले तरी जागा बाहेरच, हे मला फार लागतं.

उपोषणाला बसण्याआधी गुरुजी कित्येक महिने महाराष्ट्रभर फिरले, गावोगावी सभा घेतल्या, लोकांना मंदिरं आणि विहिरी खुल्या करायला सांगितलं, सेनापती बापटांचाही त्यांना पाठिंबा होता. पंढरपुरात मात्र उपोषणाला जागा द्यायला कोणी धजेना, शेवटी तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. सगळ्या गावाचा रोष ओढवून घेणं त्या काळात सोपं नव्हतं, त्यामुळे या सत्याग्रहात तनपुरे महाराजांचं नाव गुरुजींच्या बरोबरीनेच घ्यायला हवं असं मला वाटतं.

खरी कसोटी वेगळीच होती. गांधीजींपर्यंत चुकीची माहिती गेली आणि त्यांनी उपोषण सोडा असं कळवलं. ज्यांना गुरू मानलं त्यांचाच निरोप, तरीही गुरुजी थांबले नाहीत, आपल्या मनाला जे पटलंय तेच धरून बसले. विरोधकांशी लढण्यापेक्षा हे जास्त अवघड असतं. पुढे तेव्हाच्या मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळी, म्हणजे मंदिराचे वंशपरंपरागत पुजारी, तयार झाली आणि १० मे ला उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदाही केला.

डॉ. आंबेडकरांनी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू केला होता, वर्षानुवर्षं दार काही उघडलं नाही आणि १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्यामुळे पंढरपूरचं दार उघडलं तेव्हा त्यांच्यामागे गेलेल्या अनेकांना त्या दाराची गरजच उरली नव्हती, हेही इथे सांगायलाच पाहिजे.