साडेचौतीस की बत्तीस?

दक्षिणेचा बांध 266 फूट, पूर्वेचा 168, उत्तरेचा 168, पश्चिमेचा 178. शेत किती गुंठे?

एक सोपी रीत लगेच सुचते. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यायची, दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा आणि 1,089 नं भागायचं, कारण गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. 217 गुणिले 173, भागिले 1,089. उत्तर साधारण साडेचौतीस गुंठे.

रीत फार जुनी आहे. इ.स. 628 मध्ये ब्रह्मगुप्तानं ती दिली, पण ‘स्थूल’ म्हणून, आणि लगोलग ‘सूक्ष्म’ सूत्र वेगळं सांगितलं. गंमत म्हणजे ही रीत चुकते ती नेहमी एकाच दिशेला. आयत सोडला, तर कुठल्याही चौकोनाचं क्षेत्र ती फुगवूनच सांगते. विकणाऱ्याला ती पसंत पडली तर नवल नाही.

मुळात प्रश्नच अपुरा आहे. ढिली झालेली बाज एका कोपऱ्यातून ढकलली की तिरकी होते. चारही बाजूंची लांबी तीच राहते, क्षेत्र मात्र घटतं. म्हणूनच ‘लीलावती’त (1150) भास्कराचार्य चिडून म्हणतात, की कर्ण किंवा लंब न देता चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि ते सांगणारा त्याहून मोठा पिशाच!

मग बाजू सोडून कोपरे धरू. आलेख कागदावर 33 फुटांना एक घर मानलं, की प्रत्येक चौकट आपोआप एक गुंठा होते. नैर्ऋत्येचा कोपरा आरंभबिंदू. आपल्या शेताचे कोपरे समजा (0,0), (8,1), (7,6), (2,5) इथे पडले. सूत्राला हात लावण्याआधी अंदाज घ्या: शेत 8 बाय 6 च्या आयतात मावतं, म्हणजे 48 च्या आत. अर्ध्याहून बरंच जास्त भरलंय. तीसच्या आसपास असावं.

आता नेमकं. एका कोपऱ्याचा x पुढच्याच्या y शी गुणायचा, त्यातून पुढच्याचा x गुणिले आधीचा y वजा करायचा. बुटाची नाडी ओवावी तसा तिरपा गुणाकार. असं एक फेरी पूर्ण होईपर्यंत. 0, मग 48 − 7 = 41, मग 35 − 12 = 23, शेवटी 0. बेरीज 64, निम्मे 32. बीजगणितात इथं जादू काही नाही: प्रत्येक वजाबाकी म्हणजे आरंभबिंदू आणि शेजारचे दोन कोपरे यांच्या त्रिकोणाची दुप्पट. पहिल्या आणि शेवटच्या जोडीत एक कोपरा आरंभबिंदूच आहे, त्रिकोण बनतच नाही, म्हणून तिथं शून्य.

बत्तीस गुंठे. सरासरीच्या रीतीनं अडीच गुंठे हवेतून आणले होते. तेवढ्यात एक बंगला आरामात बसतो.

पडताळा हवा? 1899 मध्ये गेओर्ग पिक या ऑस्ट्रियन गणितज्ञानं एक विलक्षण साधी युक्ती दिली. कोपरे चौकटींच्या छेदबिंदूंवरच असतील, तर आतले छेदबिंदू मोजा, त्यात सीमेवरच्यांची निम्मी संख्या मिळवा आणि 1 वजा करा. आपल्या शेतात आत 31 आणि सीमेवर फक्त चार कोपरे. 31 + 2 − 1. पुन्हा 32. मोजपट्टी नको, गुणाकार नको. तिसरी-चौथीतलं पोरही पेन्सिलीनं टिंबं देत हे करेल. मला तरी शाळेच्या गणितात यापेक्षा देखणं काही आठवत नाही.

मोबाइल घेऊन बांधावरून फिरलं की क्षेत्र सांगणारी अ‍ॅप्सही कोपऱ्यांवरूनच हिशेब करतात. हिशेब बिनचूक असतो, कोपरे नसतात. मोकळ्या आकाशाखालीही साध्या फोनचं ठिकाण पाचेक मीटरनं इकडेतिकडे होतं, आणि आपली चौकट जेमतेम दहा मीटरची. तेव्हा स्क्रीनवर ‘32.47 गुंठे’ उमटलं, तर त्यातल्या 47 वर पैसे मोजू नका.