रॉयबॉस: लाल चहामागचं हिरवं झुडूप

दुकानात ग्रीन टीच्या शेजारी रॉयबॉसची पाकिटं ठेवलेली असतात, पण त्यात चहाचं एक पानही नसतं. ते झुडूप आहे, दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या उत्तरेला सेडरबर्गच्या डोंगरात वाढणारं. तिथल्या आफ्रिकान्स भाषेत रॉयबॉस म्हणजे लाल झुडूप, पण रानात ते हिरवंच दिसतं, सुईसारखी बारीक पानं आणि पिवळी फुलं, आपल्या तुरीच्याच कुळातलं आहे ते.

तिथले खोई आणि सॅन लोक पिढ्यानपिढ्या हे वापरत आलेत. डोंगरातून फांद्या तोडून आणायच्या, बारीक चिरायच्या, ठेचायच्या, ओलसर ढीग करून ठेवायचा आणि मग उन्हात वाळवायचं. लाल रंग ठेचल्यावर येतो, वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, साधारण तसंच. कॅफिन नसतं म्हणून तिकडे लहान बाळांनासुद्धा पाजतात, पोट बिघडलं तरी हेच घेतात.

1904 च्या सुमारास बेंजामिन गिन्सबर्ग या व्यापाऱ्याने हे बाजारात आणलं, पण माल सगळा रानातलाच, कारण बी मिळणंच मुश्किल. शेंगेत दाणा एकच, शेंग वाळून फुटली की तो उडून वाळूत पडतो आणि मग काही केल्या दिसत नाही. 1930 च्या आसपास तिथल्याच क्लॅनविल्यम गावचे डॉक्टर नॉर्टिए बियांच्या मागे लागले, आसपासच्या लोकांना पैसे देऊन बी गोळा करायला लावलं. असं सांगतात की एक स्थानिक बाई भराभर बी आणून द्यायची, नंतर कळलं की तिने मुंग्यांच्या मागे जाऊन त्यांचं वारूळच शोधलं होतं! टणक साल घासली की बी रुजतं हे डॉक्टरांनी शोधलं आणि शेती सुरू झाली.

पण पैसा गेला मोठ्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे आणि कंपन्यांकडे, ज्यांचं हे ज्ञान त्यांच्या हाती काहीच नाही, हे मला फार लागतं. 1994 मध्ये तर अमेरिकेत एका कंपनीने रॉयबॉस या नावाचाच ट्रेडमार्क घेतला, तो सुटायला 2005 उजाडलं. खोई आणि सॅन लोकांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे 2019 मध्ये करार झाला, शेतातून निघणाऱ्या मालाच्या किमतीवर 1.5 टक्के त्यांना. आपल्या हापूसला 2018 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तसं रॉयबॉसच्या नावाला 2021 मध्ये युरोपियन युनियनचं संरक्षणही मिळालं.

सेडरबर्गमधल्याच वुपर्थालच्या भागातले छोटे शेतकरी अजून रानातलं रॉयबॉस कापून आणतात. त्यातल्या काही जातींची मुळं वणव्यातही जिवंत राहतात, वरचं सगळं जळालं तरी खालून परत फुटतात.