मासळीचा वास जिरवणारा सोडणांचा थर

फिशमीलच्या, म्हणजे मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात मासळी शिजवताना, सुकवताना जी वाफ निघते तिच्यात ट्रायमिथाइलअमाइन, अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड असतात. हायड्रोजन सल्फाइड हवेच्या एक अब्ज भागांत चार-पाच भाग असला तरी नाकाला कळतो. त्यामुळे धुराडं उंच करून भागत नाही. दुपारी खारे वारे सुटले की वास वाडीत उतरतोच. तो जिरवायचा खात्रीचा उपाय म्हणजे बायोफिल्टर, म्हणजे वासाचे वायू खाणाऱ्या जिवाणूंचा थर, आणि त्याचा मुख्य माल कोकणात परसात पडलेला असतो: नारळाची सोडणं.

सोडणांचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून आठवडाभर भिजवायचे आणि तांबडं पाणी उतरेपर्यंत धुवायचे. काथ्याचा भुसा चाळून काढलाच पाहिजे, तो पोकळ्या बुजवतो. छिद्रांच्या फरशीवर एक मीटर जाडीचा थर पसरून त्यावर सांडपाणी प्रकल्पातला जिवंत (जिवाणूंनी भरलेला) गाळ पाण्यात कालवून शिंपायचा. जिवाणू तुकड्यांवर पातळ पापुद्र्यासारखी वस्ती करतात, त्या पापुद्र्यातल्या पाण्यात विरघळलेले वायू खातात. वस्ती नीट बसायला दोन ते चार आठवडे लागतात. घाई करू नये.

पंख्याने ढकललेल्या हवेला थरात साधारण 45 सेकंद मिळायला हवेत. तासाला 10,000 घनमीटर हवा असेल तर 125 घनमीटर थर लागतो, म्हणजे एक मीटर जाडीला 125 चौरस मीटर जागा. त्याआधी वाफ थंड करून हवा 40 अंशांच्या खाली आणायची, तिच्यातलं माशांचं तेल पाण्याच्या फवाऱ्यात धुऊन काढायचं. ही पायरी गाळली तर जिवाणू भाजतात आणि थर तेलकट होऊन तुंबतो.

सर्वांत जास्त फिल्टर मात्र मरतात ते ओलाव्यापायी. थर वजनाने निम्मा पाणी असावा. हवा शिरते ती बाजू आधी सुकते, सुकलेला भाग आक्रसून भेगा पडतात आणि हवा भेगांतूनच पळते. उलट पावसाळ्यात थर उघडा राहिला तर पाणी साचून जिवाणू गुदमरतात आणि फिल्टरलाच कुजका वास येतो. वर पत्रे हवेतच.

दुसरं दुखणं आम्लाचं. 1 किलो हायड्रोजन सल्फाइडपासून जवळजवळ 2.9 किलो गंधकाम्ल तयार होतं. गंधक खाणाऱ्या जिवाणूंना ते सोसतं, अमोनिया खाणाऱ्यांना नाही. म्हणून थरात कालवांच्या शिंपल्यांचा चुरा मिसळतात. पण शिंपल्यांतला चुना आणि गंधकाम्ल मिळून जिप्सम होतं, तेही हळूहळू पोकळ्या भरतं. गंधक जास्त असेल तिथे दोन टप्पे करणं अधिक बरं: पहिला आम्लधर्मी, दुसरा उदासीन. झिरपणाऱ्या पाण्याचा सामू (pH) रोज तपासावा आणि ते पाणी खाडीत न सोडता सांडपाणी प्रकल्पाकडे न्यावं. पाइप प्लास्टिकचे हवेत. लोखंड या पाण्यात टिकत नाही.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, कारखानाही थंडावतो. तेव्हा पंखा पूर्ण बंद करू नये. मंद हवा आणि ओलावा मिळत राहिला तर जिवाणूंची बरीचशी वस्ती तग धरते. हंगाम सुरू झाल्यावर पहिले काही दिवस मात्र त्यांच्यावर थोडाच भार टाकावा.